मस्टरवर नसलेली मढी

खडकीत मुळा नदीच्या अंगाला, होळकर पुलापासून जवळच, इंग्रजांच्या लढायांत मेलेल्या सोजिरांची दफनभूमी आहे. कापलेलं गवत, सरळ रांगा, दगड सगळे एका मापाचे. दगडावर नाव, पलटण, मेल्याची तारीख. काळेवाडीहून तिथं जायचं म्हंजे पवनेचा पूल ओलांडून पिंपरी स्टेशन गाठायचं आणि लोकल धरायची. कासारवाडी, दापोडी, मग खडकी. तिकिटाला चहाइतके पैसे. पण दोस्तांनो, आपल्यातल्या किती जणांनी ती जागा आतून पाहिलीय? आपण म्हणतो, ती साहेबांची मढी, आपला काय संबंध. संबंध आहे, तोच सांगायला बसलोय.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मिलमध्ये पाळीवर जातो, कविता लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयात हाताला लागेल ते वाचतो. पण मिलमध्ये एक गोष्ट पक्की शिकलो. ज्याचं नाव मस्टरवर, तो माणूस. ज्याचं नाव नाही तो दिवसभर घाम गाळून गेला तरी आलाच नव्हता. इतिहासाचंही असंच मस्टर असतं, आणि ते बहुतेक वेळा दगडावर असतं.

आधी खडकीचं नीट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या १,६६८ जणांना इथं पुरलेलं आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या गावोगावच्या, छावण्यांतल्या कबरींची कायमची निगा राखणं जमणार नव्हतं, म्हणून त्या उकरून सगळी हाडं एका जागी आणली, तीच ही जागा. त्याशिवाय पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त जणांची नावं इथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यातल्या ६२९ जणांची हाडं १९६२ साली मुंबईच्या शिवडी कबरस्तानातून इथं आणली. १९६२ साली! म्हंजे इंग्रज जाऊन पंधरा वर्षं झालेली. माणूस मेल्याला चाळीस वर्षांहून जास्त झालेली. तरी कुणीतरी वही उघडून बघतंय, की अमक्या नंबरचा शिपाई शिवडीत पडलाय, त्याची कबर खचतेय, त्याला हलवा, त्याचं नाव नव्या दगडावर घाला.

वाचून मला राग नाही आला. हेवा वाटला.

ही निगा राखणारी संस्था १९१७ साली, युद्ध चालू असतानाच लंडनमध्ये निघाली. इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन तिचं नाव. आता कॉमनवेल्थ म्हणतात. तिचा नियम असा की मेल्यावर जनरल आणि शिपाई सारखे. दगड एका मापाचा. श्रीमंत बापाला पोराच्या कबरीवर संगमरवरी देवदूत बसवायचा असेल तरी परवानगी नाही. हुद्दा, वंश, धर्म यावरून भेद करायचा नाही, असं कागदावर लिहिलेलं. समतेवर जीव असणाऱ्या माणसाला हा नियम वाचून बरं वाटतं. खडकीच्या रांगांतून फिरलं की तो नियम डोळ्यांनी दिसतोही. मेजरचा दगड आणि विशीतल्या पोराचा दगड शेजारी शेजारी, एकाच उंचीचे.

पण जरा वाकून वाचा. याच आवारात एका फलकावर पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांची आठवण आहे. ही माणसं लढाईच्या आघाडीवर नाही, हिंदुस्थानातच वारली. काळे लोक. १९४३ साली नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन, गांबिया इथले सैनिक मुंबई बंदरात उतरले, नाशिकजवळ त्यांच्या छावण्या पडल्या, तिथून त्यांना ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढायला नेलं. वाटा इतक्या अवघड की सामान डोक्यावर वाहून न्यायला त्यांच्यातलीच हजारो माणसं हमाल म्हणून घेतली होती. आपल्याकडं शाळेच्या पुस्तकात ब्रह्मदेशची लढाई असते, ही माणसं नसतात. आपले पँथर १९७२ साली मुंबईत उभे राहिले तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरचं नाव घेतलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण तीस वर्षं आधी काळी माणसं आपल्याच नाशिकच्या माळावर तंबू ठोकून राहिली होती, आणि त्यातल्या काहींची याद आपल्या घरापासून चार स्टेशनांवर आहे, हे कुणी सांगितलंय?

जे जगले, ते गावी परतले. त्यांना पेन्शनचे, नोकरीचे शब्द दिले होते. ते कुणी पाळले नाहीत. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रा शहरात हे माजी सैनिक अर्ज घेऊन गव्हर्नरच्या वाड्याकडं निघाले. हातात हत्यार नाही. पोलिसांनी गोळी घातली. सार्जंट अ‍ॅजेटे, कॉर्पोरल अ‍ॅटिपो, प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे हे तिघं जागीच पडले. शहर पेटलं, आणि नऊ वर्षांनी, १९५७ साली, तो देश घाना म्हणून स्वतंत्र झाला. त्या तिघांची नावं तिथं आजही दर वर्षी घेतात. ज्या राजानं ब्रह्मदेशात मेलेल्यांना दगड दिला, त्याच राजाच्या माणसांनी जिवंत परतलेल्यांना गोळी दिली.

आता आपल्याकडं वळू. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेची सगळ्यात जास्त माणसं इराकमध्ये मेली, तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणायचे. उन्हानं, पटकीनं, भुकेनं, गोळीनं. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांसाठी बसरा इथं मोठं स्मारक बांधलं, १९२९ साली त्याचं उद्घाटन झालं. त्यावर इंग्रज साहेब आणि शिपाई दोघांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. आणि हिंदी शिपायांचं काय? पलटणीचं नाव, पुढं आकडा. अमक्या पलटणीतले इतके इतर शिपाई. बस्स. नाव वहीत, दगडावर आकडा. भेद न करण्याचा नियम करणाऱ्या त्याच कमिशनचं हे काम.

शिपायाच्याही खाली एक थर होता. बोजे वाहणारे, खंदक खणणारे, खेचरं हाकणारे, पाणी भरणारे, संडास साफ करणारे. फौजेच्या भाषेत फॉलोअर. पहिल्या युद्धात हिंदुस्थानातून असे साडेपाच लाखांवर लोक घेतले. तुरुंगातल्या कैद्यांनाही सुटकेची लालूच दाखवून मेसोपोटेमियात हमालीला आणि झाडूकामाला नेलं. कुठल्या जातीची माणसं या कामाला धरली असतील, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावात जे काम, तेच काम राजाच्या फौजेत, फक्त समुद्र ओलांडून.

ही गोष्ट लपलेली होती. शंभर वर्षांनी त्याच कमिशनला कबूल करावी लागली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या चौकशी समितीचा अहवाल निघाला. त्यात लिहिलं की पहिल्या युद्धात मेलेल्या ४५,००० ते ५४,००० काळ्या-सावळ्या माणसांची आठवण गोऱ्यांच्या बरोबरीनं ठेवली गेली नाही. आणखी किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी, की ज्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही, किंवा आठवणच नाही. यात हिंदी, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेचे, इजिप्तचे, सोमाली लोक आहेत. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यानं पार्लमेंटात माफी मागितली. बरं केलं. पण तो आकडा पुन्हा वाचा. एक लाख सोळा हजार ते साडेतीन लाख. मधल्या दोन लाख चौतीस हजार माणसांचा हिशोबच नाही. मिलमध्ये सुताची दोन कोनं कमी पडली तर रात्रभर शोधतात.

आता गंमत बघा. बसरा स्मारकाच्या शंभर वर्षं आधी, १८२१ साली, कंपनी सरकारनं पेरण्याच्या हद्दीत भीमेकाठी एका स्तंभाचा पाया घातला. त्याला आपण सगळे दर एक जानेवारीला जातो. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आठशेच्या वर माणसं होती, त्यातली पावणेतीनशे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. स्तंभावर कंपनीच्या मेलेल्या सैनिकांची ४९ नावं आहेत, त्यात २२ नावं ‘नाक’ नं संपतात. नाक ही आपल्या जुन्या नावांची शेपटी, शिदनाक म्हणतो तसं. म्हंजे १८२१ साली कंपनीच्या पाथरवटानं महार शिपायाचं नाव दगडात ठोकलं, आणि १९२९ साली बादशाही कमिशनला हिंदी शिपायाचं नाव ठोकायला जागा मिळाली नाही. इंग्रज शंभर वर्षांत पुढं गेला म्हणतात. या बाबतीत तो मागं गेला.

कोरेगावबद्दल वाद घालणारे पुष्कळ आहेत. ते पगारासाठी लढले, कंपनीसाठी लढले, पेशवाईविरुद्ध म्हणून लढले नाहीत, असं म्हणतात. असतील पगारासाठी लढले. पोटाला अन्न आणि अंगाला मानाचा कपडा मिळेल तिथं माणूस जातो, आजही जातो. माझं म्हणणं वेगळं आहे. पेशवाईच्या राज्यात या बावीस जणांची सावली चालत नव्हती, ते नाव कोण कोरणार? बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते कंपनीची आरती ओवाळायला गेले नव्हते. ज्या समाजाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, त्याला ते लिहिलेलं दाखवायला गेले होते. महाडच्या तळ्यावर जायला अडीच-तीन महिने उरले होते, हे लक्षात घ्या.

आणि हे नाव काढूनही टाकलं. १८९२ च्या सुमारास फौजेत महारांची भरती बंद झाली. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी वाटणी साहेबांनी केली, त्यात आपण बिनलढवय्ये ठरलो. कोरेगावचा दगड उभा असताना! गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर सैनिक, यांनी १८९४ साली अर्ज केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतच्या मंत्र्याकडं अर्ज धाडला. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्या बापजाद्यांनी रक्त सांडलंय, तुमच्याच दगडावर लिहिलंय, वाचा. कान उघडले ते युद्धाची गरज पडल्यावर. १९१७ साली १११ महार नावाची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. पुन्हा गरज पडली तेव्हा १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. माणूस हवा तेव्हा शूर, नको तेव्हा अस्पृश्य. कंत्राटी कामगाराला हे समजायला पुस्तक लागत नाही.

खडकीला जायची जी लोकल, तिच्याच रुळांचं आता सांगतो. पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ साली सुरू झाली, पण घाट अडला होता. बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालेलं, पुरं झालं १८६३ ला. अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे, काळा कातळ. १८६१ साली एकाच वेळी ४२,००० माणसं तिथं राबत होती, बायापोरांसकट. सुरुंग उडत होते, दोरीला लटकून कड्यात भोकं पाडत होते, पावसाळ्यात ताप, उन्हाळ्यात पटकी. सुमारे २४,००० माणसं मेली असा आकडा सांगतात. चोवीस हजार! खडकीच्या दफनभूमीसारख्या चौदा दफनभूम्या भरतील. पण बोरघाटात अशी एक नाही. कुठं पुरली, कुठं जाळली, कुठं दरीत लोटली, त्यावरून एक्सप्रेस जाते.

ठेकेदारांची नावं मात्र नीट लिहिलेली आहेत. पहिला फॅव्हिएल. त्याच्या अमलात मजुरी थकली तेव्हा जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, गोऱ्या मुकादमांवर धावून गेले, एक गोरा मेला. पुस्तकवाले याला दंगा म्हणतात. मी याला आपल्या या पट्ट्यातला पहिला संप म्हणतो. तिकडून निगडी, चिंचवड, पिंपरीपर्यंत आज जितके गेट आहेत, तिथं लाल बावटा किंवा निळा झेंडा लागायच्या शंभर वर्षं आधी खंडाळ्याच्या कड्यावर मजूर म्हणाले होते, पैसे टाका. फॅव्हिएल गेला, ट्रेडवेल आला, थोड्याच दिवसांत आजारानं मेला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, कंत्राट पुरं केलं. बाई धीराची होती, शंका नाही. पण तिच्याबद्दल वाचताना मला सारखं वाटतं, त्याच साली पटकीनं नवरा मेलेल्या ज्या दुसऱ्या बाया पाटी डोक्यावर घेऊन पुन्हा कामावर गेल्या, त्यांनी काय पुरं केलं?

इथं चोखोबाची आठवण येते. तुमच्यातले काही जण चोखोबाचं नाव काढलं की तोंड फिरवतात, टाळकुट्या म्हणतात. मीही भजनातला माणूस नाही. पण बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं, ते उगाच नाही. चोखोबा मेला कसा ते आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम निघालं. गावाचं कुसू बांधायला कोण? कुसाबाहेर राहणारे. भिंत कोसळली, मजूर खाली गाडले गेले, त्यात चोखोबा. परंपरा सांगते, ते साल १३३८. मग नामदेव तिथं गेले. ढिगाऱ्यात हाडांचा खच, ओळखायचं कसं? ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची, असं ठरवून त्यांनी ती गोळा केली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर पुरली. तीच समाधी.

ही गोष्ट कीर्तनात रडत रडत सांगतात. मी लहानपणी ऐकली तेव्हा मलाही रडू आलं. आता वेगळंच डोक्यात येतं. बाकीच्या हाडांचं काय झालं? ती काहीच बोलली नाहीत? का त्यांच्या तोंडी दुसरं काही होतं, बायकोचं नाव, पोराचं नाव, पाणी पाणी? ती हाडं ढिगाऱ्यातच राहिली. भिंत पुन्हा बांधली असणार, गावाला कुसू हवंच. त्यांच्यावरच बांधली असणार. भारतातल्या कामगाराच्या अपघाताची ही इतकी जुनी नोंद, आणि ती टिकली ती मेलेल्यांतला एक जण अभंग करत होता म्हणून.

आणि ज्याचं नाव टिकलं, त्याला तरी कुठवर नेलं? दारापर्यंत. चोखोबाच्या समाधीच्या पुढं त्याच्या जातीनं जायचं नाही, हा दंडक पुढं सहाशे वर्षं चालला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा ते दार उघडलं. चोखोबाचं हाड त्या दारापुढं पहारा देत बसलं होतं असं म्हणा, किंवा त्याला वेसकर करूनच ठेवलं होतं असं म्हणा.

वेसकरावरून सांगतो. गावात कुणीही मेलं की सांगावा घेऊन परगावी पळायचं काम महाराचं. सरणाला लाकडं फोडून न्यायचं काम महाराचं. मढ्यावरचं कापड हे त्याचं बलुतं. आणि त्याच्या घरी माणूस मेलं तर? लाकूड कुठून आणणार? पुरायचं. गावाच्या खालच्या अंगाला, वेगळ्या तुकड्यात, वर दगड आणि बाभळीचे काटे, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या चिता रचल्या, त्याला चिता नाही. वतन म्हणायचे याला! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं, कायद्यानं वतन गेलं ते ते गेल्यावर, १९५८ साली. काटे पावसात कुजतात, दगड पोरं उचलून नेतात. माझ्या आजीच्या गावी त्या तुकड्यातून आता रस्ता गेलाय. माझा पणजा त्या रस्त्याखाली नेमका कुठं आहे, हे आजीलाही बोट ठेवून दाखवता येत नाही.

आकडेच हवे असतील तर एक देतो. १९१८ साली तापाची साथ आली, मुंबई शहरात मेलेल्यांची मोजणी जातवार झाली. युरोपियनांत हजारी ८.३ माणसं मेली. पारशांत ९. मुसलमानांत १९.२. सवर्ण हिंदूंत १८.९. आणि सरकारी भाषेत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटलं त्यांच्यात ६१.६. ताप एकच, शहर एकच. खडकीच्या स्मारकावर १९१८ सालच्या तारखा वाचत असाल तेव्हा हा आकडा खिशात ठेवा.

कबरीवर नाव लिहिणं ही जुनी भानगड आहे असं वाटत असेल, तर वढू बुद्रुक आठवा. संभाजी महाराजांच्या देहाला अग्नी देणाऱ्या गोविंद गोपाळ यांची समाधी तिथं आहे, असं आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. २०१७ च्या डिसेंबरच्या शेवटी तिथं एक फलक लागला. एक पाटी, त्यावर दोन-चार ओळी. ती पाटी काढली गेली, समाधीची मोडतोड झाली, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगावला दोनशेव्या वर्षाला जमलेल्या लोकांवर दगड पडले, गाड्या जळल्या, एका तरुणाचा जीव गेला. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव पाटीवर नको, म्हणून आजची माणसं दगड उचलतात. मग ज्यांना वाटतं की मेलेल्यांची नावं लिहिणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे, त्यांनी दगड उचलणाऱ्यांना विचारावं. त्यांना त्याची किंमत बरोबर कळलेली आहे.

आता काळेवाडीचं. आपली वस्ती काही पिढीजात इथली नाही. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाडा, सोलापूर, नगर पिळून काढलं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. आपल्या आज्या-आजोबांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, सुकडी खाल्ली, आणि मग गाडीत बसून या पट्ट्यात आले. पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ पासून उभा होता, त्यामागोमाग बाकीचे आले होते. त्यांचे रस्ते, गटारं, पाया खणणारे हात हेच. काही जण देहूरोडच्या डेपोत लागले. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, त्या दिवशी गर्दीत उभी असलेली माणसं आपल्या लहानपणापर्यंत या गल्ल्यांत होती. बाजेवर बसून सांगायची. आपण मोबाइल बघत बसलो. आता ती बहुतेक गेली. कुणाला पवनेच्या काठी जाळलं, कुणाला गावी नेऊन पुरलं. त्यांचं मस्टर कुठंय?

सगळ्यात जवळचं मस्टर सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या गल्लीतला एक पोरगा कामावर मशीनमध्ये सापडून गेला. कंपनीचं नाव घेत नाही. वय तेवीस. बाप विचारायला गेला तेव्हा गेटवर सांगितलं, आमच्या रेकॉर्डला असा माणूसच नाही. ठेकेदार म्हणाला, तो त्या दिवशी आलाच नव्हता. बरोबर काम करणारी चार पोरं गप्प बसली, त्यांनाही पोट आहे. मंगळवेढ्याच्या भिंतीखालच्या माणसाला निदान भिंत पडली हे तरी सगळ्या गावाला दिसलं होतं.

म्हणून आम्ही पाच-सहा जणांनी दोनशे पानी वही घातलीय. रकाने आखलेत. नाव. बापाचं, आईचं नाव. मूळ गाव. इथं कधी आला किंवा आली. काय काय काम केलं. कशानं गेलं. कुठं पुरलं, कुठं जाळलं. कुणी सांगितलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, ऐकीव गोष्टीला साक्ष पाहिजे, नाहीतर उद्या म्हणतील बनवलं. आतापर्यंत एक्केचाळीस माणसं झाली. त्यात एक बाई आहे, जिनं दुष्काळात खडी फोडताना एका डोळ्याची नजर घालवली आणि नंतर पंधरा वर्षं पिंपरी भाजीमंडईत पहाटे तीन वाजता जागा धरली. एक डेपोतला फिटर आहे, ज्याला वाचता येत नव्हतं पण बाबासाहेबांचं देहूरोडचं भाषण तो आवाजासकट करून दाखवायचा. एक बाळ आहे, आठ दिवसांचं, त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं, तर आईचं नाव लिहिलं. त्या तेवीस वर्षांच्या पोराचंही नाव आहे. बापानं स्वतः सांगितलं, आणि ‘काय काम केलं’ या रकान्यात कंपनीचं नाव, खातं आणि पाळी लिहायला लावली.

वही दर रविवारी सकाळी दहा ते बारा बुद्धविहारात असते. ज्यांच्या घरी जुनं रेशनकार्ड, डेपोचा बिल्ला, पेन्शनचं पुस्तक, दुष्काळी कामाचं हजेरीकार्ड असेल त्यांनी घेऊन यावं. बघून लगेच परत देऊ. रहाटणी, थेरगाव, नढेनगरच्या पोरांनी आपापली वेगळी वही घालावी, रकाने आमच्याकडून उतरून न्यावेत.